मेस, चहा, नाश्ता मिळून महिन्याला ६७२० रुपये जातायत, कुठं कापू?

आष्टीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. पुण्यात सदाशिव पेठेत राहतो, कॉट बेसिसवर, म्हणजे रूममधल्या एका कॉटपुरतं भाडं, एमपीएससीच्या कंबाईन परीक्षेची तयारी चालू आहे, हे दुसरं वर्ष. वडील महिन्याला १०००० पाठवतात, त्यातले २५०० कॉटचे आणि १२०० अभ्यासिकेचे गेले की हातात राहतात ६३००. आजवर मला वाटायचं खाण्यावर आपले पाचेक हजार जात असतील, पण २५ तारीख आली की खिसा मोकळा, मागच्या महिन्यात तर रूममेटकडून १५०० उसने घेतले, म्हणून या महिन्यात म्हटलं बास, आणि वहीत रुपाया न रुपाया लिहून काढला.

मेस दोन टाइम ३२००. सकाळचा नाश्ता, पोहे नाहीतर इडली, ३५ च्या हिशोबानं २६ दिवसांचे ९१०. चहा १२ रुपयाला, दिवसाला चार, म्हणजे १४४० (हा आकडा मी तीनदा करून बघितला). रविवारी रात्री मेस बंद असते तर बाहेर १२० प्रमाणे चार रविवारचे ४८०. आणि रात्री साडेअकराला भूक लागली म्हणून मोबाईलवरून तीनदा मागवलं त्याचे ६९०. टोटल ६७२०. साबण, रिचार्ज, झेरॉक्स यात धरलेलंच नाही.

घरी जास्त मागायचं नाहीये, यंदा कांद्यानं काय दिलं ते घरात सगळ्यांना माहिती आहे. रूमवर गॅस चालत नाही, मालक वरच्याच मजल्यावर राहतात, एक केटल आहे ती पण गादीखाली लपवलेली. पाच हजारांच्या आत आणायचंय. आणि एक टाइम जेव, सवय होते असं कृपया कोणी सांगू नका, ते करून बघितलंय, दुपारी पॉलिटी वाचताना डोळ्यापुढं अक्षरं हलायला लागतात.

कटिंगवाला
भावा तुझा निम्मा प्रॉब्लेम १४४० मध्येच बसलाय. मी पण नवी पेठेत तीन वर्षं काढली, चार चहातला पहिला सोडला तर बाकीचे तीन आपण चहासाठी पीत नाही, खुर्चीवरून उठायला काहीतरी निमित्त पाहिजे म्हणून पितो. एक उठला की पाच उठतात, टपरीवर वीस मिनिटं कट ऑफ किती लागेल यावर चर्चा, आणि पैसे आज तू दे उद्या मी देतो, त्यात जो सरळ असतो तोच जास्त वेळा देतो. दोन चहा ठेव, बाकीच्या दोन वेळा खाली उतर, एक चक्कर मार, बाटली भरून वर ये. टपरीसमोरून जाऊ नकोस एवढंच, मागच्या बोळातून जा. महिन्याचे ७२० तिथंच सुटले.

केटलमध्ये दुधाचा चहा करायला मात्र जाऊ नको. दूध तळाला करपतं, उतू जातं, आणि मग आठवडाभर पाण्याला जळका वास. कोरा चहा कर, नाहीतर गरम पाण्यात दूध पावडर.

पाचवं_वर्ष
मेसचा खाडा, म्हणजे न जेवलेले दिवस, कसा धरतात ते विचारलंस का? हे कोणी विचारतच नाही पहिल्या दिवशी, पैसे देतो, कार्ड घेतो, जेवायला बसतो. मी पहिल्या वर्षी दिवाळीला अकरा दिवस गावाकडं होतो, आल्यावर म्हटलं अकरा दिवस पुढं वाढवा तर मेसवाले म्हणाले तुम्ही सांगून कुठं गेलात. भांडलो, मेस बदलली, पण पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून नवीन मेस लावताना तीन गोष्टी विचारतो. सलग किती दिवसांचा खाडा धरणार, किती आधी सांगायचं, आणि पैसे परत का दिवस वाढवून. तू आष्टीचा म्हणजे दोन महिन्यातून तीनदा तरी घरी जात असशील, ते दिवस मोज एकदा.

आणि ते साडेअकराचं मागवणं. जेवण १४० चं असतं, वर डिलिव्हरी, पॅकिंग, अजून कसली कसली फी, बिल बघ एकदा उघडून. मी ॲप उडवलं नाही, फक्त त्याला जोडलेलं पेमेंट काढून टाकलं, दर वेळी नंबर टाकायचा कंटाळा येतो आणि तेवढ्यात भूक मरते.

यवतमाळची_ताई
आम्ही तिघी आहोत, आमच्या मालकीणबाईंना स्वयंपाक चालतो, म्हणून आमचं थोडं वेगळं आहे, तरी हिशोब देते, कोणाला तरी उपयोग होईल. दुपारची एक टाइम मेस, १८०० रुपये. रात्रीचं रूमवर. शेगडी जुनी आणली आणि ५ किलोचा छोटा सिलेंडर, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो, भाड्यानं राहणाऱ्यांसाठी तोच बरा.

मागच्या महिन्याचं, तिघींचं मिळून रात्रीच्या जेवणाचं सांगते. कणीक ८ किलो ३६०, तांदूळ ६ किलो ३३०, तूर आणि मूग डाळ मिळून ३ किलो ४२०, तेल २ लिटर ३००, भाजी रोजची ४० प्रमाणे २६ दिवस १०४०, तिखट मीठ गूळ चहा साखर ३५०, गॅस ५५०. झाले ३३५०, म्हणजे एकीला १११७. मेस धरून मी २९१७ मध्ये दोन्ही वेळ जेवते.

आता खरं सांगू का, पैशापेक्षा यात वेळ जातो. भाजी आम्ही रात्री साडेआठनंतर मंडईतून आणतो, त्या वेळी पालेभाजीवाल्यांना टोपली रिकामी करायची घाई असते, सकाळी २५ ला असलेली मेथीची जुडी तेव्हा दहाला मिळते, कधी दोन जुड्या पंधराला. पण ती जुडी दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही, त्याच रात्री पेपर पसरून निवडावी लागते, नाहीतर सकाळी अर्धी पिवळी. दहा वाजता मेथी निवडत बसलेली मी आणि समोर भिंतीवर लावलेलं टाइमटेबल, त्यात लिहिलेलं रात्री ९ ते ११ इतिहास. पहिला महिना आम्ही भाजीवरून नाही, भांड्यावरून भांडलो. मग दाराच्या मागं कागद चिकटवला, आज कोण कणीक, कोण भाजी, कोण भांडी. त्यात चतुर्थी आली की आमच्यातली एक उपास करते आणि साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, दही, त्या एका दिवसाचा खर्च बाकी दोन दिवसांएवढा होतो. उपास परवडत नाही हे तिला सांगायचं कोणी, यावर अजून एकमत झालेलं नाही.

तुमच्याकडे गॅस चालत नाही तर चोरून इंडक्शन वगैरे भानगडीत पडू नका. लाइट बिलात कळतंच आणि डिपॉझिट अडकतं.

नारायणपेठ_मेसकाकू
बाळा, माझी मेस आहे म्हणून लिहिते, माझ्या पोराने हे वाचून दाखवलं. खाड्यावरून पोरं आम्हाला चोर समजतात तर आमचंही ऐका. सकाळी सहाला कणीक तिंबायला घेतो, त्याच्या आदल्या रात्री भाजी आणलेली असते. साठ पानं असली तर साठ जणांचंच शिजतं. तू दुपारी बाराला फोन केलास की काकू आज येत नाही, तर तुझी पोळी लाटून झालेली आहे, तिचं मी काय करू. म्हणून माझ्याकडे सलग तीन दिवस किंवा जास्त असतील आणि आदल्या रात्री नऊच्या आत सांगितलं असेल तर दिवसाला १०० रुपये पुढच्या महिन्यात वजा. एखाद्या दिवसाचा धरत नाही. व्यावसायिक सिलेंडर १९ किलोचा लागतो आम्हाला, घरगुती वापरता येत नाही, तेलाचे भाव तुम्हाला माहीत आहेत, पोळ्या लाटायला दोन बायका. एवढं करून महिन्याला किती सुटतं ते मी इथं लिहीत नाही, तुम्हाला खरं वाटणार नाही.

दुसरी गोष्ट. पार्सल घेऊ नकोस. पार्सलला माझ्याकडे चार पोळ्या मोजून, भात एक डबी. बसून जेवलास तर पोळी मोजत नाही कोणी. तुझ्या वयाची पोरं पार्सल नेतात, रूमवर मोबाईल बघत जेवतात आणि रात्री अकराला परत भूक. रात्री साडेआठला बसून दोन पोळ्या जास्त खा, वर ताक पी, ते ६९० वाचतील.

आणि अजून एक, माझ्याकडे दोन पोरं वाढायला असतात, दुपारी १२ ते २. तयारीचीच आहेत. त्यांचं दोन्ही वेळचं जेवण त्यात. बऱ्याच मेसमध्ये असं असतं, विचारायला लाजू नये.

गणिती_डोकं
काकूंचं बरोबर आहे पण वाढप्याचं काम घेण्याआधी तास मोज. दोन तास, २६ दिवस, ५२ तास. ३२०० भागिले ५२, तासाला साधारण ६१ रुपये पडतात. बाहेर पार्ट टाइमला यापेक्षा फार जास्त कुठं मिळत नाही हे खरं, पण परीक्षा तीन महिन्यांवर असेल तर ५२ तास म्हणजे एक अख्खा विषय. परीक्षा लांब असेल तर जरूर कर.

माझं म्हणणं एवढंच की ज्या कपातीत वेळ जात नाही ती आधी कर. चहा, खाडा, मोबाईलवरचं मागवणं, यात एक मिनिट जात नाही, उलट वाचतो. ते झाल्यावर पण जमलं नाही तर मग मेथी निवडायला बस.

पाचवं_वर्ष
@गणिती_डोकं दोन तास तो असाही टपरीवर घालवतोय

शिरूर_कासार
गाववाले! आमच्या शेजारच्या तालुक्यातले निघालात. तुम्ही घरून काय आणत नाही का? माझी आई दर पंधरा दिवसाला धपाटे, कडक बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी पाठवती. गावातलं कोणी पुण्याला येणारं असलं तर त्यांच्यासंगं, नाहीतर ओळखीच्या कंडक्टरकडं पिशवी. मी वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर जाऊन घेतो. धपाटे तीन दिवस जातात, दही नको घालायला म्हणा पिठात म्हणजे चौथ्या दिवशी पण चालतात. कडक भाकरी तर महिनाभर काय होत नाही, चटणी आणि कच्च्या कांद्यासंगं चुरून खायची. रविवारच्या रात्रीचे १२० कशाला घालवता, भाकरी आहे ना पेटीत.

सहा_नोव्हेंबर
जरा उलटं सांगतो. मी २०२२ ला असंच कापत सुटलो होतो. नाश्ता बंद केला, रात्री नुसता वरणभात, महिन्याचे बाराशे वाचवले म्हणून खूश. मार्चमध्ये अभ्यासिकेच्या जिन्यात चक्कर येऊन बसलो. हिमोग्लोबिन ९ निघालं. रक्त तपासण्या, गोळ्या, सलाईन, आठ दिवस घरी, सगळं मिळून साडेचार हजार आणि पूर्व परीक्षा अशीच गेली. म्हणून नाश्ता कापू नकोस, नाश्ता बदल.

३५ च्या पोह्यात काय असतं, पोहे, तेल, दोन शेंगदाणे आणि वरून शेव. त्याऐवजी रात्री मूठभर हरभरे भिजत घाल, ५० ग्रॅम, साधारण साडेचार रुपयांचे, त्यात दहाएक ग्रॅम प्रथिनं. शेंगदाणे ३० ग्रॅम, तेही साडेचार रुपये, सात ग्रॅम. अंडं खात असशील तर सात रुपयाला एक, सहा ग्रॅम. वर एक केळं. हे सगळं मिळून २० च्या आत बसतं आणि दुपारी एकपर्यंत भूक लागत नाही. केटलमध्ये अंडी उकडतात, अंडी बुडतील एवढं पाणी, उकळून बटण पडलं की झाकण न उघडता दहाबारा मिनिटं तशीच ठेव, कमी वाटली तर बटण परत एकदा दाब. हरभरे उन्हाळ्यात बारा तासांच्या वर भिजवू नको, आंबट वास येतो.

चहा जेवणावर लगेच पिऊ नको, तासभर जाऊ दे, लोह अंगी लागत नाही. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, मी जेवण झालं की तडक टपरी.

फाईलवाला
तू कुठल्या कॉलेजला ॲडमिशन घेतलंय का? नुसती तयारी करत असशील तर पुढचं सोड. पण पदव्युत्तर वगैरेला नाव असेल, शासकीय वसतिगृहात नंबर लागला नसेल आणि घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत असेल तर प्रवर्गाप्रमाणे योजना आहेत. अनुसूचित जातीसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी आधार. पुणे मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०००० पर्यंत, त्यातले ३२००० भोजन भत्ता म्हणूनच धरलेले असतात. टक्केवारीची वगैरे अट आहे, जाहिरात नीट वाच. एकच सांगतो, पैसे हप्त्यानं येतात, दर महिन्याच्या १ तारखेला येतील असं धरून मेस लावू नको, आले की मागची उसनवारी फेड.

तोपर्यंत शिवभोजन. १० रुपयाला दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि भाताची मूद. चपात्या ३० ग्रॅमच्या असतात, तुझ्या वयाला पोटभर नाही होणार, पण मेस बंद असलेल्या दुपारी चालतं. जवळचं केंद्र चालू आहे का ते आधी बघून ये आणि साडेबाराच्या आत जा, थाळ्या ठरलेल्या असतात, संपल्या की संपल्या.

आष्टीचा_पोरगा
@फाईलवाला कॉलेज सुटलं, नुसती तयारी आहे. शिवभोजनला एकदा गेलो होतो पण रांगेत पुढं बिगारी कामावरची माणसं होती, म्हटलं त्यांच्या तोंडचं कशाला, परत फिरलो.

फाईलवाला
ती योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली तेव्हापासून मी जेवतोय, मजूर पण जेवतात, विद्यार्थी पण. लाज वाटत असेल तर माझ्या आजोबांचं सांगतो, ते पुण्यात वार लावून शिकले. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, सात दिवसांची सात घरं. बुधवारच्या घरी सुतक आलं की बुधवारी उपाशी. त्यापेक्षा आपली रांग बरी.

आष्टीचा_पोरगा
महिना झाला, म्हटलं काय झालं ते सांगावं, नाहीतर इथं लोक प्रश्न विचारतात आणि गायब होतात.

मेस तीच ठेवली. खाड्याचं विचारलं तर सलग तीन दिवसांचा धरतात, मला दीड वर्ष माहितीच नव्हतं. चार दिवस घरी गेलो, आदल्या रात्री सांगून गेलो, ४०० वजा झाले, २८००. नाश्त्याला अंडी, हरभरे, शेंगदाणे, केळी, सगळे मिळून ६५०. पहिले पाच दिवस लई जड गेलं, सकाळी पोह्याचा वास आला की पाय आपोआप वळायचे. चहा दोनवर आणला, ७२०. तिसरा चहा सुटायला मागचा बोळ खरंच कामाला आला, आता टपरीवरचे विचारतात आजारी होतास का. रविवारच्या रात्री भाकरी, चटणी, वर दही नाहीतर काकडी, चार रविवारचे २००. मोबाईलवरून एकदाच मागवलं, २४०, त्या दिवशी निकाल लागला होता, त्यावर बोलायचं नाही. टोटल ४६१०.

वाढप्याचं काम घेतलं नाही. परीक्षा जवळ आहे, गणिती_डोकं यांचे ५२ तास डोक्यात बसले. परीक्षा झाल्यावर काकूंच्या मेसमध्ये येऊन विचारतो, नारायण पेठेत नक्की कुठं ते कळवा.

रूममेटचे १००० दिले, ५०० राहिले. पिशवी वाकडेवाडीवरून आणली, कंडक्टर आमच्या गावचाच निघाला, म्हणाला डबा जड आहे, आईला सांग माझ्यासाठी पण टाकत जा.

एकच झोल झाला. अंडी उकडताना वास वर गेला आणि मालक खाली आले. मी केटल गादीखाली ढकलली, गरम होती, गादीला गोल डाग पडलाय. त्यांनी डागाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाले अंडी चालतील, वायर बदलून घे तेवढी.

अजून एक विचारायचं होतं, जवसाच्या चटणीला तेल सुटलंय, खाऊ का टाकू?

शिरूर_कासार
जवसाला तेल सुटतंच. खवट वास येत नसला तर खा. आणि डबा खिडकीत उन्हात ठेवू नका, गादीखाली आता जागा झालीच आहे.